आप्पांची फांदी

आमच्या आप्पांचं कुणाशी वैर नव्हतं. भावकीत त्यांनी बांधावरून वाद घातला नाही, कारखान्यात प्रमोशनसाठी कुणाच्या मागे लागले नाहीत आणि एसटीत खिडकीची जागासुद्धा मागेल त्याला दिली. आयुष्यात त्यांनी हट्टानं धरून ठेवली ती एकच गोष्ट. एक फांदी. तीही धरून ठेवायची नव्हती, तोडायची होती.

शिरूरला आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला नगरपालिकेच्या जागेत एक शिरीष आहे. जुना, दांडगा, निम्म्या रस्त्यावर सावली धरणारा. त्याची एक फांदी आमच्या ओट्यासमोर आडवी आली आणि मग हळूहळू खाली झुकली. आप्पा कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ओट्यावरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असायचे. त्यांचं आणि त्या फांदीचं तिथं जे समोरासमोर जुंपलं ते शेवटपर्यंत.

फांदी तोडा म्हणून ते अर्ज करायचे. दर अर्जात कारण नवं. कधी पक्षी स्कूटर घाण करतात. कधी पानांनी गटार तुंबतं. एकदा तर फांदीमुळे डास होतात असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, डास पाण्यात होतात, फांदीवर नाही." तर म्हणाले, "तू दौंडच्या पोरांना शिकव. मला नको."

मी दौंडला शाळेत शिकवते. दर शनिवारी शाळा सुटली की चौफुला, न्हावरा करत एसटीनं शिरूरला यायचं हा माझा नेम. आमच्या कोपऱ्यावर बस थांबते. तिथून घर हाकेच्या अंतरावर. पण उतरून पाय जमिनीला लागतो न लागतो तोच आप्पांचा फोन. "उतरलीस का?" उतरले. "नक्की उतरलीस?" मग काय लटकतेय? "बरं, कुठवर आलीस?" एका खांद्यावर पर्स, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, वर ऊन. मला आधीच राग लवकर येतो. मी फोनवर "दारात आहे" असं ओरडायचे आणि खरोखरच दारात पोचलेली असायचे.

मागच्या होळीच्या सुमारास आप्पा गेले. तसे शांतपणे, त्याच खुर्चीत, दुपारच्या चहानंतर. फांदी मात्र राहिली.

आता आमच्याकडचा दशक्रिया विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, की तो अर्धा विधी असतो आणि अर्धी सभा. घोड नदीच्या घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. एकीकडे गुरुजी आणि पिंड, दुसरीकडे श्रद्धांजलीची भाषणं. माणूस आयुष्यभर ग्रामपंचायतीची पायरी चढला नसला तरी दहाव्याला त्याच्यावर पुढारी बोलतात. मुलगा नाही म्हणून विधीला मी बसले होते. माईक काकांकडे होता.

काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. इनामगावच्या बाजूला त्यांची फुलशेती आहे, आणि सोसायटीच्या प्रत्येक निवडणुकीत ते कुठल्या तरी पॅनेलमध्ये असतातच. माईक हातात आला की काकांचा आवाज आपोआप जड होतो. घरात "मीठ द्या" म्हणणारा माणूस माईकवर "मिठाची नितांत आवश्यकता आहे" असं बोलतो.

पिंड मांडले. शेजारी आप्पांना आवडायची ती कांदाभजी आणि आईनं थर्मासमधून आणलेला कपभर चहा ठेवला. सगळे मागं सरकले. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली असं आम्ही मानतो. कावळे होते. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते. पण खाली एकही उतरेना.

मग सुरू झाली वचनं. मी म्हटलं, "आप्पा, आईला सांभाळीन." कावळे ढिम्म. आतेभाऊ म्हणाला, "मामा, तुमची स्कूटर विकणार नाही." एका कावळ्यानं पंख साफ केले. कुणी म्हणालं, चहात साखर कमी असेल. ऊन चढलं, गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करून शिवायचा का म्हणून विचारलं. आई ताडकन उठली. "आजिबात न्हाई. ते आयुष्यभर खऱ्या मान्साशी बोलले, आता गवताच्या कावळ्याशी बोलत्याल व्हय?"

आणि ती पिंडासमोर जाऊन हळूच म्हणाली, "अवो, ती फांदी मी तोडून घेते. आता जेवा."

नेमक्या त्याच क्षणी काकांनी माईकमध्ये जाहीर केलं, "थोरल्या बंधूंच्या स्मृतिप्रीत्यर्थ शिरूर नगरीत एक वृक्ष लावण्याचा संकल्प मी या ठिकाणी सोडत आहे!"

कावळा आला. भजं उचललं. गेला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि पुढची लढाई तिथंच लागली. कावळा आला तो नक्की कशावर?

"वहिनी, झाडाचा संकल्प सोडला आन् पाखरू उतरलं. समद्यांनी बघितलं," काका म्हणाले.

"भावजी, माईकच्या आवाजानं कावळा पळतो. येत न्हाई," आई म्हणाली. "त्यो फांदीवर आला."

"तुम्ही बोललेलं मला ऐकू आलं न्हाई, तर त्याला कुठनं येतंय?"

"तुमच्याशी बोललेच न्हवते मी."

घाटावर सरळ दोन तट पडले. जेवणाच्या पंगतीतसुद्धा तोच विषय. बायका आईच्या बाजूनं, सोसायटीवाले काकांच्या. गुरुजींना कुणीतरी निकाल विचारला तर त्यांनी तोंडात जिलेबी आहे अशी खूण केली.

घरी आल्यावर आईनं जाहीर केलं, की फांदी पडेपर्यंत ती चहा पिणार नाही. ही बातमी ऐकून मी खुर्चीत बसले. माझी आई आणि चहा ही वेगळी करायची गोष्ट नव्हे. आप्पा आणि ती दिवसातून कितीदा चहा घ्यायचे ते फक्त गॅस सिलिंडरला ठाऊक. बरं, नुसता सोडला असता तर गोष्ट वेगळी. तिनं करायचाही सोडला. पातेलं घासून पालथं घातलं, चहाचा डबा वरच्या फळीवर गेला. "मी पित न्हाई त्या घरात दुसऱ्यानं का फुरके मारावेत?" असं तिचं म्हणणं. पुढं महिन्या-दीड महिन्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी शिरूरला राहायला आले. शिरूरचा उन्हाळा, बिनचहाची आई आणि मी. कुणी कुणाला आधी चावेल याचा नेम नव्हता.

तिचं डोकं दुखायचं. ती बसल्या जागी डुलक्या काढायची आणि जागी झाली की भांडी आपटायची. एकदा रडत होती. मी म्हटलं, आई, अगं, आप्पांना हे आवडेल का? ती म्हणाली, "त्यांचं काहीतरी अडकलंय त्या फांदीत. कावळा मला सांगून गेलाय. ते मोकळं झाल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई." मला त्या वेळी तिची काळजी वाटली, खरंच वाटली. वय झालेलं माणूस चहासाठी नाही, पण हट्टासाठी आजारी पडू शकतं.

म्हणून मी नगरपालिकेत गेले. काकाही आले. एकाच टेबलापुढं दोघं उभे, माझ्या हातात झाडाची फांदी तोडण्याचा अर्ज, त्यांच्या हातात झाड लावण्याचा, आणि मृत व्यक्ती एकच.

झाडांचं काम बघणारे साहेब सज्जन होते. त्यांनी दोन्ही अर्ज वाचले, चष्मा काढला, पुसला, परत वाचले.

"स्मृतिवृक्ष लावता येईल," ते काकांना म्हणाले. "पण झाड देशी पाहिजे. जागा आम्ही दाखवू ती. वर तारा नकोत, खाली पाइपलाइन नको. बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा चालणार नाही. आणि जगवायचं तुम्ही."

"वड लावतो."

"रस्त्याकडंला वड नको. करंज लावा."

"संगमरवरी पाटी?"

"नाही."

"आमचा फोटू आसलेला फ्लेक्स तरी?"

"झाडाला काहीच बांधायचं नाही."

काकांचा चेहरा असा पडला, की मला त्यांची दया आली. माईक नाही, पाटी नाही, फ्लेक्स नाही, मग नुसतं झाड लावून माणसानं करायचं तरी काय?

माझ्या अर्जावर साहेब म्हणाले, "आप्पा यायचे की इथं. गुडघे दुखत असले तरी रिक्षा करून यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, फांदीमुळं दिसत नाही. मी विचारलं, काय दिसत नाही? तर काही बोलेनात. मी सांगितलं, आप्पा, दिसत नाही एवढ्यावर सार्वजनिक झाड छाटता येत नाही. धोका असला पाहिजे. तेव्हापासून ते धोके आणायला लागले. डासांचा माझ्याकडं अजून आहे."

टीव्ही, मी मनात म्हटलं. छपरावरच्या छत्रीच्या आड फांदी येत असणार. मॅचच्या वेळी चित्र गोठलं की आप्पा शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतके चिडायचे. एवढ्यासाठी आई बिनचहाची बसलीय, म्हणून मला त्यांचा रागही आला.

साहेब येऊन फांदी बघून गेले. ती खरंच खाली आली होती, उसाची ट्रॉली तिला घासून जात होती. म्हणजे इतक्या वर्षांनी आप्पांना खराखुरा धोका मिळाला, तो बघायला तेच नव्हते. मग नियमाप्रमाणं झाडावर नोटीस लागली. झाडाला खिळा मारायला बंदी म्हणून नोटीस सुतळीनं बांधली होती. अमुक फांदी छाटणार आहोत, कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावी.

हरकत आली. काकांची.

"थोरल्या बंधूंना झाडं प्रिय होती," असं त्यांनी लिहून दिलं. "कावळ्यानं तसा कौल दिलेला आहे." मी फोनवर त्यांना इतकं बोलले, की शेवटी माझंच नेटवर्क गेलं. आई मात्र शांत. ती म्हणाली, "येऊ दे त्यांना. इथं झाडाखाली उभं राहून बोलू दे."

आणि काका आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री. शिरीषाखाली उभे राहून बुंध्यावर हात ठेवला आणि मला सांगायला लागले, "पोरी, झाड म्हंजी काय आसतं..." एवढ्यात वरून काळं काहीतरी आलं. काकांची टोपी गेली. दुसऱ्या फेरीत टाळूला चोच. काका ओट्यावर आले तेव्हा चपला झाडाखाली राहिल्या होत्या आणि टोपी गटारात होती.

"बघा," आई म्हणाली. "हरकत आवडली न्हाई त्यांना."

काका टाळू चोळत बसले. "वहिनी, जरा घोटभर चहा टाका."

"चहा न्हाई या घरात."

"आं? आजून?"

"फांदी हाय तवर न्हाई."

काकांनी आईकडे बघितलं. तिचे डोळे खोल गेले होते, ते त्यांना बहुतेक तेव्हाच दिसलं. आमचे काका माईकवर कसेही असोत, माणूस वाईट नाही. "मला कुणी सांगितलंच न्हाई," ते पुटपुटले. अनवाणी उठले, वर बघत बघत चपला काढून आणल्या आणि तसेच जाऊन हरकत मागं घेतली. येताना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायले नाहीत. हे मला टपरीवाल्यानं मुद्दाम सांगितलं, कारण असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पण कावळा उगीच चोच मारत नसतो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस दुर्बीण घेऊन आला आणि त्याला त्याच फांदीवर घरटं दिसलं. आत पिल्लं. नियम असा की घरट्यात पिल्लं असली की ती उडून जाईपर्यंत फांदीला हात लावायचा नाही.

आईनं कपाळावर हात मारला. मग ओट्यावर उभी राहून कावळ्याला सुनवायला लागली. "घाटावर येऊन आमची भजी खाल्लीस. तवा बोलला न्हाईस माझं घर हाय म्हनून!" घाटावरचा कावळा तो हाच कशावरून, असं मी विचारणार होते. पण चहा सोडलेल्या माणसाशी तर्कानं बोलू नये एवढं मला सुट्टीत कळलं होतं.

मग आम्ही एका कावळ्याच्या संसाराची वाट बघत बसलो. आई रोज पोळीचे तुकडे टाकायची, कशाला, तर पिल्लं लवकर मोठी व्हावीत म्हणून. काका येताना शेव आणायचे. ते छत्री उघडूनच झाडाखालून यायचे. पिल्लांना पंख फुटले, एक पिल्लू ओट्यावर पडलं, आई त्याला "जा बाबा, तुझं तू कमाव" म्हणाली. शेवटी एके दिवशी घरटं रिकामं झालं. तोवर माझी शाळा सुरू झाली होती आणि मी दौंडला परत आले होते.

फांदी आठवड्याच्या मधल्या एका दिवशी पडली. शिडीची गाडी आली, साहेब स्वतः उभे होते, खोडापाशी सफाईनं कापा, खुंटी ठेवू नका, साल सोलू नका म्हणत होते. हे काकांनी मला फोनवर सांगितलं, भाषणासारखं सांगितलं. त्याच दिवशी करंजही लागला. जागा साहेबांनी दाखवली, तारा नाहीत, पाइप नाही अशी. फ्लेक्स नव्हता, तरी काकांनी खड्ड्यापुढं उभं राहून बिनमाईकचे चार शब्द बोललेच. "आणि आईनं चहा घेतला का?" मी विचारलं.

"न्हाई. तू शनवारी येनार, तवा तुज्यासंगं घेनार म्हनली."

शनिवारी मी पहिल्या मिळेल त्या एसटीनं निघाले. न्हावऱ्याला बस थांबली तर मला ड्रायव्हरचा राग आला. कोपऱ्यावर उतरले, पाय जमिनीला लागला आणि फोन वाजला. क्षणभर माझ्या तोंडातून "उतरले, आप्पा" असंच जाणार होतं.

आई होती.

"अगं, पिशवी या हातातनं त्या हातात घे. खांदा वाकडा झालाय तुझा. आन् ही हिरवी वढणी कवा घेतलीस?"

मी इकडंतिकडं बघितलं. "आई, तू कुठं आहेस?"

"घरी. ओट्यावर. त्यांच्या खुर्चीत बसलेय."

"मग मी दिसते कशी?"

मी मान वर केली. रस्त्याच्या त्या टोकाला, जिथं फांदी होती तिथं आता नुसतं मोकळं आभाळ होतं, आणि त्याखाली आमचा ओटा, आणि ओट्यावर खुर्चीत एवढीशी आई. ती मला दिसत होती. तिनं हात वर केला. मग मला आठवलं, की आप्पांचे फोन काही पहिल्यापासून नव्हते. फांदी खाली झुकली आणि त्यानंतर ते सुरू झाले. आधी त्यांना विचारावं लागत नव्हतं. बसमधून कोण उतरतंय ते त्यांना खुर्चीतून दिसायचं. मी भर रस्त्यात उभी राहून रडले, आणि डास होतात म्हणून लिहिलेला तो अर्ज आठवून त्याच वेळी हसूही आलं. मुलगी दिसत नाही म्हणून फांदी तोडा असा नियम कुठल्या नगरपालिकेत असणार?

"ये आता," आई फोनवर म्हणाली. "चहा उकळून चाललाय."

डोळे पुसून मी निघाले तर थांब्याला लागूनच काहीतरी गुडघ्याला लागलं. करंज. चार पानं, भोवती काकांचं आळं, पाणी नुकतंच घातलेलं. मी त्याच्याकडे बघितलं, मग ओट्याकडे बघितलं, मग परत त्याच्याकडे. बरोबर मधे होतं. नियमानं जागा दिली होती आणि काकांनी मनापासून लावलं होतं. काही वर्षांनी ते असं काही फोफावेल, की खुर्चीतून थांबा दिसायचा नाही.

चहा घेताना मी आईला ते सांगितलं. पहिला घोट घेऊन तिनं डोळे मिटले होते. ते न उघडताच म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग काकांना बोलली का नाहीस?"

"कशाला? वाढू दे. त्यांचंच झाड हाय." तिनं दुसरा घोट घेतला, आणि बशी माझ्याकडे सरकवली. "आडवं आलं की फोन करत जाईन. तू चिडू नको, म्हंजी झालं."